उंबऱ्यापर्यंतचा शेला

आमच्या गावात माणसाचा सत्कार करायची एक ठरलेली पद्धत होती आणि तिच्यात माझंही एक ठरलेलं काम होतं. मी गावच्या हायस्कुलात मराठी शिकवत असे, त्यामुळे मानपत्र माझ्याकडे येई. बँकेतून निवृत्त झालेला शिपाई, मुंबईहून देवळाला घंटा पाठवणारा चाकरमानी, ओरोसहून येऊन गावात एकदाच जेवून गेलेला अधिकारी, या तिघांबद्दलही मी 'आकाशाला गवसणी घालणारे' असं लिहिलेलं आहे. आकाशाने कधी तक्रार केली नाही.

मानपत्र वाचून झालं की देवळातला शेला यायचा. तो आधी ग्रामदेवाच्या अंगावर असे. तिथून उतरवून सत्कारमूर्तीच्या खांद्यावर घालत. मूर्ती उंच, त्यामुळे शेलाही देवाच्या मापाचा, जरीच्या काठाचा. माणसाच्या अंगावर तो गुडघ्याखाली लोंबत असे. एकदा खांद्यावर आला की स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडेपर्यंत तो उतरवायचा नाही, अशी रीत होती. कारण विचारलं तेव्हा मला असं सांगण्यात आलं की असंच आहे. पुढे शिक्षण खात्यातही मला हे उत्तर अनेकदा मिळालं. सत्कारमूर्ती ढोलाच्या मागून चालत घरी जाई, घाम पुसत असे, आणि उंबरा ओलांडल्यावर घरची बाई तो शेला घडी घालून देवळात परत पाठवी. एवढंच. त्या शेल्याने कधी कोणाचं काही बिघडवलं नव्हतं.

ज्याच्याबद्दल मला लिहायचं आहे तो माझ्या शेजारच्या घरातला. अठ्ठ्याण्णव साली तो विशीच्या अलीकडे होता. दहावीला मराठीत कसाबसा सुटलेला माझा विद्यार्थी. वडील मुंबईला गेले ते तिकडचेच झाले होते आणि घरात त्यांचा विषय निघत नसे. आई बाजारात मासे विकायची. घर चालत होतं ते रापणीतल्या वाट्यावर. रापण म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून ओढायचं भलंमोठं जाळं. अर्धी वाडी त्याला हात लावते आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. ज्या घरात कर्ता पुरुष नाही त्या घरालाही एक वाटा देतात. मात्र हा वाटा रीतीवर थोडा आणि रापणीच्या प्रमुखावर बराच अवलंबून असतो. रापणीचा प्रमुख तोच देवळाचा पहिला मानकरी. आमच्याकडे पदं पुष्कळ आणि ती सांभाळायला तयार असलेली माणसं थोडी, म्हणून एकाच माणसाला बरीच पदं भूषवावी लागत. तो माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे वाचताना विसरायला होईल.

मुलगा आईचे मासे मोपेडवरून आतल्या गावांत नेऊन विकत असे. मागे बर्फाचा क्रेट बांधायचा, भोंगा वाजवायचा आणि ऊन चढायच्या आत कसालपर्यंत जाऊन यायचं. उन्हाला वेळ समजावून सांगता येत नाही, त्यामुळे तो जोरात गाडी चालवायला शिकला. क्रेट एवढा मोठा की बसायला जागा उरायची नाही. तो टाकीला चिकटून, जवळजवळ हँडलवर बसल्यासारखा बसे. त्या बसण्याला वाडीत सगळे हसत.

मग त्याने कोल्हापूरकडून कोणीतरी टाकून दिलेली एक शर्यतीची मोटरसायकल आणली. टेम्पोतून आली तेव्हा तिच्यावर काहीच नव्हतं. दिवा नाही, भोंगा नाही, साखळीवर झाकण नाही, बायकांच्या पदरासाठी असते ती बाजूची जाळीसुद्धा नाही. त्याची आई म्हणाली की पोराने सोललेली गाडी आणली. तो ओहोटीच्या वेळी, पाणी मागे सरून वाळू घट्ट झाली की पुळणीवर ती चालवायचा. आधी सरळ, मग दोन माडांच्या ओंडक्यांना वळसे घालून. भरतीला सगळी चाकोरी पुसली जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरी वाळू. मी सकाळी फिरायला जाई तेव्हा बघत उभा राहत असे. मला गाडीतलं काही कळत नाही. पण मुलगा आपल्या कामात पूर्ण बुडालेला आहे, हे मास्तरला ओळखता येतं, कारण वर्गात ते फार क्वचित बघायला मिळतं.

रापणीच्या प्रमुखांनी महिन्याभरात हे बंद करायला सांगितलं. आवाजाने बांगडा पळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वर्षी बांगडा खरंच कमी होता, आणि दुसरं काही नवीन घडलेलं नसल्यामुळे दोष गाडीवर गेला. शेवटी असं ठरलं की ज्या दिवशी रापण लागणार नाही त्या दिवशीच त्याने गाडी काढायची. त्याने ते निमूट मान्य केलं. त्या घराला हुज्जत परवडणारी नव्हती.

तो गोव्यात दोन-तीन लहान शर्यतींत उतरला आणि वर आला. गावाने दखल घेतली नाही. मग कोल्हापूरला मोठी शर्यत होती, तेव्हा त्याची आई माझ्या पडवीत येऊन बसली. टोपली खाली ठेवून तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मास्तरांनू, तुमी तेच्या वांगडा जावा. तो पडलो तर माका कोण खरां सांगतलो?"

मी त्याच्याबरोबर गेलो. मैदानात लाल मातीचे उंचवटे केले होते आणि कडेने दोर लावलेले. लाउडस्पीकरवरचा माणूस प्रत्येक स्पर्धकाला 'वाऱ्याचा पुत्र' म्हणत होता. मला व्यवसायबंधू भेटल्यासारखं वाटलं. शर्यत सुरू झाली आणि धुळीत सगळे सारखे झाले. तरीही मला तो ओळखता येत होता, कारण वळणावर बाकीचे मागे रेलायचे आणि हा टाकीला चिकटलेला असायचा, मागे क्रेट असल्यासारखा. बाकीच्यांची पुढची चाकं वळणावर घसरायची. त्याचं चाक मातीत रुतून बसायचं, कारण त्याचं सगळं वजन त्या चाकावर असे. ज्या बसण्याला वाडी हसत होती त्या बसण्यावर तो जिंकला.

शर्यत झाल्यावर तो बूट काढून माती झाडत बसला. मी विचारलं की भीती वाटत नाही का. त्याने जरा विचार केला. "सर, मागे क्रेट नसलो की गाडी कशी लागता म्हायत आसा? कडेवरचां पोर खाली ठेवल्यासारी." आणि मग, मी हसलो नाही असं बघून, तोच हसला.

तिथेच पुण्याच्या एका संघाचा माणूस त्याच्याकडे आला. उन्हाची टोपी, कमी बोलणारा. त्याला त्या बसण्यात काय दिसलं ते त्याने मला समजावायचा प्रयत्न केला, पण माझा चेहरा बघून सोडून दिला. मुलाला म्हणाला, "मार्गशीर्षात तुमच्याकडे जत्रा असते ना? ती झाली की ये. एक चाचणी घेऊ. गाडी आमची, कपडे आमचे. तू फक्त दोन हात नीट घेऊन ये."

बसमध्ये तो घाटभर आपले हात बघत होता. मी डोळे मिटून घेतले, म्हणजे त्याला बघता यावेत.

बातमी गावात पोचली आणि गावाला एकदम आठवलं की हा आपला आहे. देवळात बैठक झाली. जत्रेच्या दिवशी दुपारी सत्कार, मग देवळापासून त्याच्या घरापर्यंत मिरवणूक, आणि रात्री नेहमीप्रमाणे दशावतार. प्रमुखांनी त्या बैठकीत सांगितलं की पोराला या पुळणीनेच घडवलं. त्यांनी तो सराव बंद करवला होता हे ते विसरले नव्हते असं मला वाटतं. त्यांना ते खरोखरच एकाच गोष्टीचे दोन भाग वाटत असावेत. मानपत्र माझ्याकडे आलं. मी 'आकाशाला गवसणी' काढून टाकली आणि लिहिलं की हा मुलगा ऊन चढायच्या आत कसालला मासे पोचवत असे आणि त्यातून वेग शिकला. समितीने ते वाचून परत पाठवलं. मासे काढून टाकावेत आणि काहीतरी उंच घालावं, अशी सूचना होती. मग मी आकाश परत घातलं.

मिरवणुकीसाठी ठरलं की त्याने चालत न जाता शर्यतीच्या गाडीवरून जायचं. चालत तर बँकेचा शिपाईही गेला होता.

त्या दुपारी देवळासमोर बरंच ऊन होतं. ओरोसहून एक पाहुणे आले होते. त्यांनी शर्यतीबद्दल बोलताना घोडे, रथ आणि तरुण पिढी यांचा उल्लेख केला. मोटरसायकलचा केला नाही. मानपत्र वाचलं गेलं. मग शेला आला. प्रमुखांनी तो देवाच्या अंगावरून काढून स्वतःच्या हाताने त्याच्या खांद्यावर घातला आणि त्यांचे डोळे भरून आले. मी बघितलं, ते खोटं नव्हतं. त्याच्या आईने पदर पसरून देवाला हात जोडले.

तो गाडीजवळ आला आणि थांबला. मी दोन हात अंतरावर उभा होतो.

"काकांनू," तो प्रमुखांना म्हणाला, "ह्या गाडयेक झाकण नाय. कपडो साखळयेत जाता. मी चलत येतंय, गाडी कोणतरी ढकलत हाडूक व्हयी."

"मगे मिरवणूक कोणाची? गाडयेची?" प्रमुख म्हणाले आणि सगळे हसले. तोही हसला.

"मगे शेलो काढून हातात धरतंय."

"देवाचो शेलो आसा तो. उंबऱ्यापर्यंत उतरणा नाय." हे त्यांनी रागाने म्हटलं नाही. भिणाऱ्या माणसाला समजूत घालावी तसं म्हटलं. "देव सांभाळता रे."

मग त्याने जे केलं ते अगदी बरोबर होतं. त्याने शेल्याची दोन्ही टोकं छातीवरून काखेखाली घेतली, पाठीमागे फिरवून पुन्हा पुढे आणली आणि कंबरेला गच्च गाठ मारली. रापण ओढताना माणसं पंचा आवळतात तशी. शेला अंगावर होता आणि कुठेही लोंबत नव्हता. देवाची रीतही राहिली आणि गाडीचीही. मला त्या क्षणी तो माझा सर्वांत हुशार विद्यार्थी वाटला होता.

पण वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला होता. त्याचं म्हणणं पडलं की जरीचं काम दिसत नाही. पाहुणे म्हणाले, खरंच, काठ दिसला पाहिजे. प्रमुखांनी पुढे होऊन ती गाठ सोडली, शेला झटकून सरळ केला आणि दोन्ही टोकं त्याच्या पाठीवर मोकळी सोडली. फोटो निघाला. फोटो निघाल्यावर तो पुन्हा गाठ मारायला लागला तेवढ्यात ढोल सुरू झाला, पुढची माणसं चालू लागली, मागच्यांनी लोटलं आणि त्याला हँडल धरावं लागलं.

गाडी माणसाच्या चालीने चालली होती. देवळाच्या आवारातून उतरणाऱ्या जांभ्या दगडाच्या पायऱ्यांच्या बाजूने उतार केलेला होता, तिथवर गेली. मग शेल्याचं एक टोक साखळीत गेलं. आवाज काहीच झाला नाही, किंवा ढोलात ऐकू आला नाही. तो एकदम मागे खेचला गेला, कोणीतरी हाक मारून मागून ओढावं तसा. खेचला जाताना त्याच्या मुठीत गाडीचा वेग वाढवायची मूठ होती. गाडी उसळली आणि आडवी झाली. त्याचा उजवा हात हँडलखाली आणि हँडल दगडाच्या पायरीवर.

कोल्हापूरच्या मैदानात, तेवढ्या वेगात, त्याला साधं खरचटलंही नव्हतं.

तो लगेच उठला. लोकांना वाटलं, लागलं नाही. त्याने उजवा हात डाव्या हातात धरला होता आणि तो मनगटाकडे बघत होता. बाकी सगळे शेल्याकडे बघत होते. शेला काठापासून मध्यापर्यंत फाटला होता आणि त्याला काळं ग्रीस लागलं होतं.

रिक्षा आणायला मी नाक्यावर गेलो. गोव्यातल्या मोठ्या इस्पितळात संध्याकाळपर्यंत पोचलो असतो. तोवर त्याला घरी नेलं होतं. परत येऊन त्यांच्या बेड्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या फाटकापाशी, रिक्षा उभी केली, तर अंगणात प्रमुख आणि दोन मानकरी बसलेले. त्यांनी मला सांगितलं की ज्याच्या अंगावर देवाचं वस्त्र फाटलं त्याने कौल होईपर्यंत गावाची शीव ओलांडायची नाही. शेला यापूर्वी कधीच फाटला नव्हता, तेव्हा ही रीत कधी पडली, असं मी विचारलं. पडायची काय, ती आहेच, असं उत्तर आलं. कौल म्हणजे मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावून देवाला प्रश्न विचारायचा; उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण जत्रा उठेपर्यंत कौल लावत नाहीत. तेव्हा थांबणं भाग होतं.

मी त्याच्या आईकडे बघितलं. ती ओसरीच्या खांबाला टेकून उभी होती.

"शेलो फाटलो, मास्तरांनू," ती म्हणाली. "हात बरो होतलो."

त्यात काही निर्दयपणा नव्हता. तिच्या हिशेबी हात आपल्या घरातला होता आणि शेला देवाचा. घरातली वस्तू दुरुस्त होते.

मी त्याला म्हटलं, तू मोठा आहेस, ऊठ. रिक्षा चालू आहे. त्याचं मनगट तोवर पुरीसारखं फुगलं होतं. तो उठला, माझ्याबरोबर बेड्यापर्यंत आला आणि तिथे थांबला. अंगणातल्या माणसांना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाला, "मी पुण्याक जातलंय, सर. आये हंयच रवतली."

एवढंच. मी रिक्षावाल्याला परत पाठवलं. त्या घराचा वाटा कोणाच्या शब्दावर मिळत होता, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. आणि शीव ओलांडलेल्या मुलाच्या आईला रापणीच्या दिवशी पुळणीवर कोण काय म्हणेल, हेही. वाटा बंद होईल असं कोणी म्हटलं नव्हतं. आमच्याकडे तसं कोणी म्हणत नाही. म्हणावं लागत नाही.

रात्री दशावतार झाला. राक्षस आला, देव आला, राक्षस मेला. मी गेलो नाही, आवाजावरून कळलं.

जत्रा उठल्यावर कौल लागला. देवाला दोन प्रश्न विचारले गेले. शेल्याचा अवमान झाला का, आणि झाला असल्यास दोष मानकऱ्यांचा आहे का. अवमान झाला होता. दोष मानकऱ्यांचा नव्हता. मुलाने नारळ ठेवून देवाची क्षमा मागावी असं ठरलं, ती त्याने डाव्या हाताने नारळ ठेवून मागितली. हाताबद्दल पाकळी लावली नाही. इतक्या लहान गोष्टीसाठी देवाला तसदी द्यायची नसते.

क्षमा मिळाल्यावर तो कुठेही जायला मोकळा होता. आता गोव्याला नेऊ, असं मी म्हणणार तोच प्रमुखांनी स्वतःची गाडी काढली. बांद्याकडे एक हाडवैद्य होता, त्याच्याकडे त्यांच्या घरातल्या सगळ्यांचे हातपाय बसवलेले होते. त्यांनी मुलाला पुढच्या सीटवर बसवलं, उशी दिली, वाटेत शहाळं पाजलं. माणूस जेव्हा इतक्या चांगुलपणाने वागतो तेव्हा त्याला नाही म्हणायची सोय उरत नाही. वैद्याने पाला लावून बांबूच्या पट्ट्या आवळल्या आणि हात हलवू नको म्हणून सांगितलं.

तो हात न हलवता एस्टीने पुण्याला गेला. चाचणीच्या जागी पोचला, टोपीवाल्या माणसाला भेटला. त्याने चहा पाजला, पट्ट्यांकडे बघितलं आणि पुढच्या वर्षी ये म्हणाला. त्या वर्षीची जागा सांगलीकडच्या एका मुलाला गेली. हे सगळं त्याने मला पडवीत बसून, जणू दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं सांगितलं.

पट्ट्या निघाल्या. हात दिसायला सरळ होता. पुळणीवर त्याने गाडी काढली तेव्हा मी नेहमीच्या जागी उभा होतो. सरळ तो पूर्वीसारखाच गेला. ओंडक्यापाशी वळताना गाडी वळली नाही, सरळ पाण्यात गेली. त्याने ती ढकलत बाहेर काढली आणि पुन्हा प्रयत्न केला. मूठ अर्ध्यापर्यंत फिरत होती, पुढे मनगट फिरत नव्हतं. ब्रेकवरची बोटं आवळली की हात थरथरत होता. त्या सकाळी भरती येईपर्यंत तो वळत राहिला.

मग आम्ही गोव्याला गेलो. डॉक्टर तरुण आणि घाईत होता. मनगटात एक छोटं हाड असतं, काजूच्या बीइतकं आणि तसंच वाकडं. ते मोडलं होतं आणि न जुळता मेलं होतं. त्या हाडाला रक्त एकाच बाजूने पोचतं, म्हणून त्याच्या बाबतीत सुरुवातीलाच घाई करायची असते, असं त्याने एक्स-रेवर पेन्सिल टेकवून दाखवलं. शस्त्रक्रिया होऊ शकेल, दुखणं कमी होईल, पण मनगट पूर्वीसारखं फिरणार नाही. लवकर का आणलं नाही, हे त्याने विचारलं. मुलगा म्हणाला, "जत्रा होती." डॉक्टर गोव्यातलाच होता. त्याने मान हलवली आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं.

पुढच्या वर्षी तो पुन्हा पुण्याला गेला. गेल्या वर्षीची हाक होती, न जाऊन कसं चालेल. पहिल्या फेरीत पहिल्या वळणाला गाडी सरळ गेली. टोपीवाला माणूस धावत आला, त्याला उठवलं आणि परतीच्या बसपर्यंत सोडायला स्वतः आला. बसपाशी त्याने आता येऊ नको, असं त्याला सांगितलं. मला तो माणूस नेहमी बरा वाटत आला आहे. आमच्या या सगळ्या प्रकरणात ज्याने नाही म्हणायचं तिथे सरळ नाही म्हटलं असा तो एकच.

सोललेली गाडी मांगरात, म्हणजे घरामागच्या खोपीत, उभी राहिली. समुद्राकाठी उभ्या लोखंडाचं काय होतं ते सांगायला नको. तो मोपेडवरून मासे न्यायचा प्रयत्न करत राहिला, पण क्रेटचं वजन वळणावर हाताला झेपेना. मग पर्यटन आलं. पुळणीवर छत्र्या लागल्या आणि कोणीतरी वाळूत चालवायची चार चाकांची गाडी आणली. तिच्यावर एकेका पर्यटकाला बसवून एक फेरी मारून आणायची. तिला फार वळावं लागत नाही, मूठही फारशी फिरवावी लागत नाही. ते काम त्याला मिळालं. ज्या वाळूवर तो ओंडक्यांना वळसे घालायचा त्याच वाळूवरून तो आता घाबरट माणसांना घेऊन चालीच्या वेगाने जायचा. मागे बसलेले लोक त्याला सांगत, भाऊ, जरा हळू. तो हळू घेई. अजूनही तो टाकीला चिकटूनच बसायचा. मागे बसणाऱ्याला ऐसपैस जागा मिळते म्हणून पर्यटकांना तो आवडे.

आणि रापण संपली. एकदम नाही. बाहेर मोठ्या यांत्रिक बोटी आल्या आणि काठापर्यंत मासा येईनासा झाला. लोक सकाळभर ओढत आणि टोपलीभर तारलीचे वाटे करत. मग तेही थांबलं. जाळं प्रमुखांच्या मांगरात पडलं, उंदरांनी खाल्लं. ज्या वाट्यासाठी तो बेड्यापाशी थांबला होता तो वाटा त्याच्या आईला शेवटपर्यंत रीतसर मिळाला. फक्त वाटायला काही उरलं नाही.

गावाने मात्र धडा घेतला. दुसऱ्या वर्षी मुंबईकर मंडळाने नवा शेला दिला तेव्हा बैठकीत ठरलं की तो आखूड करावा. शिंप्याकडून कंबरेपर्यंतच कापून घेतला. एका मुलाचं मनगट गेल्याने आमच्या गावात जी एकमेव सुधारणा झाली ती ही. ती प्रमुखांनीच सुचवली होती आणि सांगताना त्यांचा आवाज कापला होता, असं म्हणतात.

दोन हजार दहा साली मी निवृत्त झालो. सत्कार टाळायचे सगळे मार्ग मी वापरून पाहिले आणि ते सगळे लोकांनी विनय समजून घेतले. मानपत्र नव्या मास्तरणीने लिहिलं होतं. त्यात आकाश होतं. प्रमुख आता काठी घेऊन चालत. त्यांनी माझ्या खांद्यावर आखूड शेला घातला. देवळाबाहेर माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने झेंडूच्या माळा बांधलेली नवीकोरी मोटरसायकल उभी केली होती. तिच्यावर मागे बसून मी घरी जायचं होतं. तिला झाकण होतं, जाळी होती, सगळं होतं.

गर्दीतून तो पुढे आला. तिशी ओलांडली होती, केस पुढून विरळ झाले होते. त्याने काही न विचारता माझ्या शेल्याची दोन्ही टोकं घेतली. आखूड होती, मागे फिरवायला पुरत नव्हती, म्हणून छातीवरच एकमेकांत अडकवली. उजव्या हाताने एक टोक माझ्या छातीशी नुसतं दाबून धरलं आणि डाव्या हाताने गाठ मारली. इतकी गच्च की श्वास घेताना लागावी.

"फोटोवालो सोडूक सांगात, सर," तो म्हणाला. "सोडू नका."

फोटोवाल्याने सांगितलंच. मी सोडली नाही. मोटरसायकलवाल्या विद्यार्थ्याला वाईट वाटलं, पण मी चालत निघालो, आणि तो माझ्या डाव्या बाजूने चालला. पायऱ्यांपाशी आल्यावर त्याने खाली बघितलं नाही. मी बघितलं. जांभा दगड होता तसाच होता.

उंबरा ओलांडल्यावर माझी बायको शेला घ्यायला आली, पण गाठ सुटेना. त्याने टोक डाव्या हाताने धरलं आणि दुसरं टोक मी ओढलं. बराच वेळ लागला. आत त्याची आई बसली होती, म्हातारी झालेली, चहा पीत. ती आमच्याकडे बघत होती.

"फाडू नका रे," ती म्हणाली. "देवाचो आसा तो."

"नाय फाडणंव, आये," तो म्हणाला, आणि टोक आणखी हलकं धरलं.